एक्केचाळीस ठिपके

"दुखणार नाही गं. मुंगी चावल्यासारखं वाटेल," असं म्हणत एलुबेने मुलीचं बोट धरलं.

मुलीने हात पाठीमागे लपवला. "मला नको."

"मागच्या वर्षी तर रांगेत पहिली तूच होतीस!"

"आई म्हणाली, आज त्या सुईवाल्या मायीला हात द्यायचा नाही."

एलुबेने मान वर केली. मघाशी रांग वर्गाच्या दारापर्यंत गेली होती. आता पाचच मुलं उभी होती, आणि तीही दाराकडे बघत होती. खिडकीला गज नव्हते. तिथे तीन पुरुष कोपर टेकून उभे होते. एलुबेने हसून "मोनी" म्हटलं. एकानेही उलट नमस्कार केला नाही.

दोन आठवड्यांपासून डोंगरापलीकडच्या गावांतून बातम्या येत होत्या. रात्री माणसं येतात, झोपलेल्यांचं रक्त ओढून नेतात, सकाळी बाई अर्धमेली सापडते. नदीच्या पल्याड दोन परक्या माणसांना जमावाने ठेचून मारलं होतं. ते फक्त वाट चुकले होते. झोम्बा शहरातल्या कचेरीत एलुबेने साहेबांना हे सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "आपल्याकडे जिल्ह्याचं पत्र आहे, शिक्क्यासकट. घाबरायचं काय त्यात?" पत्र इंग्रजीत होतं. ते तिच्या पिशवीत होतं.

एलुबे नान्खुम्वा बावन्न वर्षांची विधवा. एकोणीस वर्षं ती असल्याच कामावर होती. परदेशातून शिकलेली माणसं प्रश्न घेऊन यायची आणि एलुबे ते प्रश्न घेऊन दारोदार फिरायची. शाळेत सकाळची पेज दिली तर मुलं टिकतात का? जंताचं औषध दिलं तर हजेरी वाढते का? दर अभ्यासाची वेगळी टोपी मिळायची. त्या सगळ्या टोप्या घरात एका खिळ्यावर एकीवर एक टांगलेल्या होत्या. उत्तरं काय निघाली, ते तिला कधी कुणी कळवलं नाही आणि तिनेही कधी विचारलं नाही. काम मिळतंय हेच खूप होतं.

हा अभ्यास सहा वर्षांचा होता. मुलांच्या अंगात रक्त किती, आणि ती वाचायला किती शिकतात, हे बघायचं. दरवर्षी त्याच शाळा, तीच मुलं. वजन, उंची, एक धडा वाचून घ्यायचा, आणि बोटाच्या टोकाचं रक्त जाड पांढऱ्या कागदावर टिपायचं. कागदावर नाव नाही, फक्त क्रमांक. नाव आणि क्रमांक कुणासमोर एकत्र उच्चारायचे नाहीत, असं तिने दरवर्षी सही करून दिलं होतं.

हेडमास्तर लिकोस्वे जवळजवळ धावतच आत आले. त्यांच्या हातात अजून खडू होता.

"मायी, पेटी आवरा. आत्ताच्या आत्ता निघा."

"मास्तर, पाचच राहिलीत—"

"राहू द्या! गिरणीपाशी माणसं जमलीत. कोपऱ्यातल्या घरची म्हातारी सकाळी चक्कर येऊन पडली. कुणीतरी म्हणालं, कालच गाडी आली आणि आज ही पडली." त्यांनी मुलांकडे वळून हात झटकला. "घरी! पळा सगळे!"

एलुबेचे हात भराभर चालू लागले. काल आणि आज मिळून एक्केचाळीस कागद झाले होते. ते तिने पेटीत घातले, झाकण लावलं, ते नीट बसलं नाही म्हणून पुन्हा लावलं. बाहेर आंब्याखाली गाडी होती. ड्रायव्हर फानिझो चाकाशी उकिडवा बसला होता.

"चला बाम्बो, चला दादा!"

"कशावर चलू? चारही चाकांची हवा सोडलीय." साठीचा फानिझो उठला आणि त्याने पँट झटकली. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, ओठ मात्र पांढरे पडले होते. "माझ्याकडून त्यांना काय मिळणार म्हणा. माझ्या रक्तात निम्मी साखर आहे."

एलुबेला हसू आलं नाही. ती गाडीला टेकली. पत्रा तापलेला होता, पाठ भाजत होती, तरी तिला हलता येईना.

माणसं आली ती आरडाओरडा न करता. दीडशे असतील, दोनशे असतील. पुढे तरुण पोरं, हातात कोयते, दांडके, विटांचे तुकडे. मागे बायका. बाजूला सायकल धरून गावप्रमुख म्टालिका उभे होते. म्हातारे स्वतःच्याच गावाला घाबरलेले दिसत होते. "आधी बाईचं ऐकून घेऊ या," असं ते दोनदा म्हणाले. कुणी वळूनही पाहिलं नाही.

लाल फुटबॉलच्या सदऱ्यातला एक तरुण पुढे आला. "पेटी उघड."

तिने पिशवीतून पत्र काढलं. त्याने ते घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि पायाखाली टाकलं.

"पेटी."

तिने पेटी उघडली.

"हे लाल काय आहे?"

दुसरं काही सांगावं असं तिच्या मनात आलं. पण तोंडाला कोरड पडली होती आणि एकच शब्द बाहेर आला. "रक्त."

जमावातून एक हुंकार उठला आणि मागपर्यंत गेला.

"कुठे नेता?"

"आधी झोम्ब्याला. मग विमानाने."

"कुणाला प्यायला?"

"पीत नाहीत रे बाबा. मोजतात."

"मोजून काय करतात?"

तेवढ्यात कुठून तरी वीट आली आणि फानिझोच्या कपाळावर बसली. तो आवाज न करता खाली बसला. भुवईवरून रक्त डोळ्यात उतरलं. ते पाहताच माणसं एक पाऊल पुढे सरकली. आता हे आपल्याला मारणार, हे एलुबेला स्पष्ट दिसलं. इथेच, या आंब्याखाली, शाळेच्या दारात.

नंतर अनेकांनी तिला विचारलं, की तुला ते सुचलं कसं. सुचलं वगैरे काही नव्हतं. हातात जे होतं तेच तिने पुढे केलं. सगळ्यात वरचा कागद उचलला आणि क्रमांक वाचला.

"चारशे सतरा. ही रोझबी. डुलानीची धाकटी." तिचा आवाज चिरकला. "डुलानी, कुठे आहेस? घेऊन जा गं. तुझ्या पोरीचं आहे."

मग मागून एक बाई वाट काढत आली. कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या, चितेंजेच्या टोकात तिने तो कागद चिमटीने धरला आणि उराशी धरून बाजूला झाली.

"चारशे अठरा. यामिकानी. याच्या पायाला भाजल्याचा डाग आहे. चारशे वीस, एस्नात, आजीपाशी राहते. आगोगो, तुम्हीच या."

बायका एकेक पुढे येऊ लागल्या. कोयतेवाल्यांना बाजूला सरावं लागलं, कारण कुणाची आई पुढे येत होती, कुणाची मावशी. एलुबे नावं घेत होती. सहा वर्षं तिने या मुलांना वजनकाट्यावर उभं केलं होतं. तरीही दर कागद ती दोनदा बघून मगच नाव घेत होती. एक नाव जरी चुकलं तर?

चारशे एकोणचाळीसला ती अडली. डोळ्यांपुढे नुसता क्रमांक नाचत होता.

"विसरलीस?" लाल सदरेवाला म्हणाला. त्याने दांडका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"थांब... थांब जरा. याचं वजन यंदा उतरलंय. दीड किलोने. वाचताना बोट ठेवून वाचतो—"

"माझा किन्ले," जमावातला एक बाप्या पटकन म्हणाला, आणि हातातली वीट खाली टाकून कागद घ्यायला आला.

शेवटचा कागद गेला. पेटी रिकामी झाली. एलुबेने ती उलटी करून सगळ्यांना दाखवली.

तेव्हा एक उंच, वाळलेली बाई पुढे आली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

"माझा राहिला," ती म्हणाली.

एलुबेने तिला ओळखलं. लुफिना. तिची मेरिना जानेवारीत, इकडच्या ऐन पावसाळ्यात गेली होती. एलुबेला ते काल हजेरीपटावर कळलं होतं. नावावर मास्तरांनी आडवी रेघ मारली होती.

"लुफिना... मेरिना तर आता—"

"ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे. मीच पुरलीय. तिचं रक्त कुठे आहे ते सांग. तीन वर्षं तुला दिलं."

"ते गेलं गं. लांब. ते नाही आणता येणार."

"पहिल्या वर्षी तू म्हणालीस, हिच्या अंगात रक्त कमी आहे."

"हो. चिठ्ठी दिली होती. आरोग्य केंद्रात दाखवायला."

"दाखवली. दोनदा चालत गेले तिला पाठीवर घेऊन. गोळ्या नव्हत्या. पुढच्या वर्षी तू आलीस, पुन्हा टोचलंस, म्हणालीस अजून कमी झालंय. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा." लुफिनाचा आवाज चढला नव्हता. ती एखादा हरवलेला रस्ता विचारावा तशी विचारत होती. "तुला ठाऊक होतं. मग तू काय केलंस?"

सगळे ऐकत होते. फानिझोही, कपाळ दाबून धरून. एलुबेने खूप शोधलं, पण खरं उत्तर एकच होतं.

"लिहून घेतलं," ती म्हणाली.

आता दगड येणार. तिने डोळे मिटले. आला तर चुकीचा असणार नाही, असंही त्या क्षणी तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची तिला दगडाहून जास्त भीती वाटली.

लुफिनाने तिच्याकडे पाहिलं. मग ती लाल सदरेवाल्याकडे वळली.

"रक्त पिणारी ही नव्हे. पिणारीला निदान त्याचा काही उपयोग तरी होतो."

मागे एक म्हातारा फस्सकन हसला. त्याच्यामागे आणखी एक-दोघे. ते हसू चांगलं नव्हतं, पण दांडके जरा खाली आले.

"जाऊ दे हिला," लुफिना म्हणाली. "गाडी नाही. पायी."

डांबरी रस्ता अकरा किलोमीटरवर होता. एलुबेने आपलं चितेंजे फाडून फानिझोच्या डोक्याला बांधलं. पोरं नदीपर्यंत मागून आली. दर पावलाला मागचा पाचोळा वाजायचा. फानिझो पुटपुटला, "मागे बघू नका मायी. पळू पण नका." पाठीमागे गाडी पेटल्याचा वास आला, तरी दोघांनी मान वळवली नाही.

कचेरीत साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. अभ्यास चालवणाऱ्या परदेशातल्या बाईसाहेब संगणकाच्या पडद्यावर आल्या. त्या खरोखर रडल्या. नंतर म्हणाल्या, जीव वाचला हे सर्वांत मोठं, पण क्रमांकांसकट मुलांची नावं दोनशे माणसांत उच्चारली गेली, हे नियमात कसं बसवायचं ते त्यांना कळत नव्हतं. ते गाव अभ्यासातून वगळलं. एलुबेच्या करारावर पुढची तारीख पडली नाही. तिने वाद घातला नाही. तिला सुईकडे बघवत नव्हतं. बाजारात मागून कोणी झपझप चालत आलं तर ती भिंतीला लागून उभी राहायची आणि त्याला पुढे जाऊ द्यायची.

मका कापून झाल्यावर, जून महिन्यात, ती एकटी त्या गावाला गेली. सायकलवाल्याने नदीपाशी उतरवलं. पुढची वाट ती चालली खरी, पण तोंडाला तीच कोरड होती. गिरणीपाशी बसलेल्या पोरांनी बोलणं थांबवलं. तिने पाय थांबवले नाहीत.

लुफिना अंगणात उखळात मका कांडत होती. तिने पाहिलं. मुसळ थांबलं नाही.

"काय विचारायला आलीस?"

"काही नाही."

"मग?"

एलुबे अंगणाच्या कडेला उभी राहिली. शेजारणी दारात येऊन बघत होत्या. कुंपणापलीकडून कोणी काही म्हणालं. लुफिनाने त्या बाजूला एकदा नुसती नजर टाकली आणि तिकडे शांत झालं.

मग तिने भिंतीशी टेकवलेल्या दुसऱ्या मुसळाकडे हनुवटीने खूण केली. एलुबेने ते उचललं. एकाच उखळात एकीचं वर, एकीचं खाली. एलुबेचा ताल चुकत होता, मुसळावर मुसळ आदळत होतं.

लुफिनाने आपलं मुसळ जरा हळू केलं.