आहे तसं राहील

ऑफिसात त्याला सगळे बटणराव म्हणत. ॲपच्या सेटिंगमध्ये कुठलं बटण कुठे बसवायचं आणि ते दाबल्यावर काय व्हायचं, हे तो ठरवी, आणि त्याचा त्याला कोण रुबाब!

'क्लाउडवर जपणूक' हे बटण त्याचंच. ते बंद केलं की क्लाउडवरचं सगळं पुसलं जाई, आणि फोनमधलंही. ॲप बाजारात आणण्याआधी बारा अनोळखी माणसांना बसवून विचारलं होतं, हे बंद केलं तर काय होईल? नऊ जण म्हणाले, "नवीन काही जाणार नाही. जुनं आहे तसं राहील." तसं करायचं तर तीन आठवड्यांचं काम वाढत होतं. बटणरावाने नाक मुरडलं आणि अहवालात लिहिलं, 'लोक वाचत नाहीत. इशारा द्यावा.' अकरा ओळींचा इशाराही त्यानेच लिहिला.

एका दुपारी त्याची थोरली बहीण ऑफिसात येऊन बसली. मेहुणे जाऊन पाच महिने झाले होते. त्यांनी ह्याच ॲपवर बोलून पाठवलेले निरोप ती रोज ऐकायची. 'किल्ली कुंडीखाली ठेवलीय', 'छत्री विसरलीस बघ', असलेच फुटकळ.

"जागा संपली, जागा संपली म्हणून फोनने नुसतं भंडावून सोडलं रे," ती म्हणाली. "म्हटलं, ते वर पाठवणं तेवढं बंद करावं. तर ह्यांचा आवाजच नाही कुठे. तूच बनवतोस ना हे? आण की परत."

परत आणायला काही उरलंच नव्हतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"बंद केल्यावर काय होईल असं वाटलं तुला, ताई?" त्याने सवयीने विचारलं.

"काय होणार? नवीन जाणार नाही. जुनं आहे तसं राहील."

ही दहावी. आता निदान खरं सांगायचं, एवढंच त्याच्या हातात होतं. तेवढंही त्या भेकडाला जमलं नाही.

"इशारा आला होता की. मीच लिहिलाय, चांगला अकरा ओळींचा. तू न वाचताच 'हो' दाबलंस."

ताईचा चेहरा पार उतरला. "म्हणजे मीच पुसलं त्यांना?"

त्याने मान हलवली. हो म्हणून.

ती बराच वेळ फोन उलटासुलटा करत बसली. मग डोळे पुसून उठली आणि जाता जाता त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"तू नको जिवाला लावून घेऊस," ती म्हणाली. "तू तर आधीच सांगितलं होतंस."