लाल टॅगची भिंत

अंबडच्या एका कारखान्यात मी एकोणीस वर्षं मालाची तपासणी करतो. माझ्या हातून एक वाकडा पीस बाहेर गेला, असं कुणी सिद्ध करून दाखवावं! मशीनवरची पोरं मला पाठीमागे 'साडेसाती' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, ऐकून बरंच वाटतं.

तर अशा माणसाच्या मोबाइलवर पालकांच्या ग्रुपमधून एक फोटो आला. पाचवीच्या वर्गाची भिंत, वर मोठ्या अक्षरात 'चुकांची भिंत', खाली दोऱ्याने लटकवलेले लाल कागद. त्यातला पहिलाच कागद आमच्या सायलीचा. नाव, चूक, सगळं ठळक. म्हणजे माझ्या मुलीची चूक आता आमच्या अख्ख्या सिडको कॉलनीने बघायची!

"उद्याच दाखला काढतो," मी म्हणालो. "गणित शिकवायचं सोडून भिंती रंगवतात."

"पप्पा, शाळा नका ना बदलू," सायली म्हणाली. "मला तिथंच शिकायचंय."

तिचं ऐकायच्या मनःस्थितीत मी नव्हतोच. त्या आठवड्यात माझी दुसरी शिफ्ट होती. सकाळी दाखल्याचा अर्ज लिहून खिशात टाकला आणि तिच्याबरोबरच शाळा गाठली.

वर्गशिक्षिका वैष्णवी मॅडम वयाने लहान, पण घाबरणाऱ्या नव्हत्या. "आधी वाचा, मग भांडा," म्हणाल्या. मी वाचलं.

चूक काय: वहीच्या पानाची परिमिती ८२ सेंमी काढली. बरोबर उत्तर ७८.
का झाली: पट्टीचं टोक तुटलंय, म्हणून १ पासून मोजलं. १ वजा करायचा राहिला. चारही बाजूंना तेच झालं.
पुढे काय: आधी पट्टी बघायची, मग कागद.
तपासलं: दिनेश.

हे माझ्याच खात्यातलं होतं. आमच्याकडे बिघडलेला पीस भंगारात फेकत नाहीत. त्याला लाल टॅग बांधतात, त्यावर हेच चार रकाने, आणि शेवटची सही दुसऱ्याची. स्वतःच्या चुकीवर स्वतःची सही चालत नाही.

"घरच्यांच्या कामातली एक चांगली पद्धत शिकून या, असं मी मुलांना सांगितलं होतं," मॅडम म्हणाल्या. "कुणी विणकामातले टाके मोजायची रीत आणली, कुणी भाजीची जुडी बांधायची. सायलीनं हे आणलं. म्हणाली, माझे पप्पा बिघडलेल्या पीसला ओरडत नाहीत, तो का बिघडला ते लिहून ठेवतात. आधी ही मुलं चुकलेलं पान फाडून टाकायची. पहिला कागद लावायला कुणी तयार होईना, तेव्हा हिनं स्वतःचा लावला."

पीसला ओरडत नाही, हे खरं. पोरीला ओरडतो. मला लाज वाटली. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तोंडातून निघालंच, "अगं, पट्टी तुटकी आहे तर आधी शून्य बघावं, एवढं कळत नाही?"

बाकांवरची पोरं वळून बघायला लागली. सायलीने मान खाली घातली नाही. "पप्पा, तुम्हाला कधी लागला लाल टॅग?"

'नाही' म्हणायला गेलो आणि एक जुनी गोष्ट आठवली.

नोकरीचं दुसरं वर्ष. माझ्या हातून मोजमापाचा कॅलिपर खाली पडला, त्याचं शून्य सरकलं. मी ते न बघता दोनशे पीस पास केले. गिऱ्हाइकाकडून माल परत आला आणि खापर फुटलं लेथ मशीनवरच्या रंगनाथ मामांवर. त्यांना तीन दिवस घरी बसवलं. त्याच संध्याकाळी मला कॅलिपरचा दोष सापडला. मी तो गुपचूप बदलला आणि तोंड शिवून बसलो. पुढे मामा रिटायर होऊन निफाडला गेले. माझी एकोणीस वर्षांची फुशारकी या तीन दिवसांवर उभी होती.

मी मॅडमकडून लाल कागद मागून घेतला. मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलो आणि सगळं लिहिलं. 'पुढे काय'मध्ये लिहिलं, 'रोज आधी शून्य तपासायचं.' मग कागद सायलीपुढे धरला. "कर सही."

तिने दोनदा वाचला आणि परत दिला. "शून्याचं झालं, पप्पा. रंगनाथ आजोबांचं काय? हा टॅग त्यांनी तपासायला पाहिजे."

साडेसातीची पोर! तिने माझा माल रिजेक्ट केला, आणि नियमात बसवून केला. मला इतका अभिमान वाटला की रडू आवरायला खिडकीबाहेर बघावं लागलं.

रविवारी आम्ही दोघं एसटीने निफाडला गेलो. रंगनाथ मामा ओट्यावर वाटाणे सोलत बसले होते. मी पाया पडलो आणि कागद हातात दिला. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती. त्यांनी चष्मा लावला, एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सायलीने माझा हात धरला.

"यात चूक हाय," मामा म्हणाले.

"कुठं, मामा?"

"दोनशे नाय, दोनशे चाळीस पीस व्हते. मला पक्कं ध्यानात हाय."

सतरा वर्षं त्यांनी तो आकडा सांभाळला होता. मी मान वर करू शकलो नाही. त्यांनी सायलीकडून पेन घेतलं, २०० वर काट मारून २४० केलं, आणि 'तपासलं'पुढे मोठ्या अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

"आता बरोबर हाय," म्हणाले. "पोरी, आत जा, आजीला म्हणावं चहा टाक. तिघांचा."

सोमवारी सायलीने तो कागद भिंतीवर आपल्या कागदाशेजारी बांधला. दाखल्याचा अर्ज माझ्या खिशातच होता. तिने तो मागून घेतला. मागची बाजू कोरी होती, कच्च्या गणिताला चालणार होती.