डाव्या पायाचं माप

न्यूर्गुनची दोन बोटं तुम्ही खाल्लीत, कचेरीवाल्यांनो. थंडीवर ढकलू नका. थंडी आमच्या याकुतियात कायमची आहे, नियम तुमचा नवा आहे. गावातली घरं गरम ठेवणारे पाण्याचे पाइप दुरुस्त करणाऱ्यानं फक्त कचेरीचे बूट घालायचे. खाली रबर, पुढे लोखंडी टोपी. उणे बावन्नात लोखंड!

डिसेंबरात त्याच्या डाव्या पायाची करंगळी आणि शेजारचं बोट काळी पडली, कापावी लागली. तो दवाखान्यातून आला तशी त्याची बायको तुयारा रेनडिअरच्या पायांचं कातडं घेऊन बसली. केसांचा कल खाली, म्हणजे बर्फ झडून जातो. माप घेतलं नाही. तीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं. तिच्या हाताला तो पाय पाठ होता.

न्यूर्गुन ते बूट घालून अंगणातली लाकडं आणू लागला.

"कसे आहेत?"

"इतके ऊबदार, की पायाला झोप लागते."

उबेसाठी बुटात घातलेलं वाळकं गवत रोज बदलायचं काम तुयाराचं. चौथ्या दिवशी तिनं डाव्या बुटात हात घातला. टाचेखालच्या गवताचा भुगा झालेला, पण पुढच्या कोपऱ्यातलं ताठच्या ताठ. पाय तिथं पोचतच नव्हता. त्या पोकळीत थंडी ठाण मांडून बसली होती.

"म्हाताऱ्या, बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्या हाताला अजून दहा बोटांचा नवरा आठवतोय. आठवू दे म्हटलं."

"आणि माझं मन राखायला उरलेली तीन घालवली असतीस."

"तीन बोटांत काय जीव अडकवतेस, म्हातारे? अख्खा मी आहे की."

ती हसली नाही. तिनं जमिनीवर कागद पसरला, त्यावर त्याचा पाय ठेवला आणि कडेनं पेन्सिल फिरवू लागली. बोटं नव्हती तिथं पेन्सिल अडली. न्यूर्गुननं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"आटप लवकर. गुदगुल्या होतात."

पुन्हा शिवलेला बूट अंगच्या कातडीसारखा बसला. सोमवारी तो कामावर गेला आणि फाटकावरूनच परत आला. आमचे बूट घाल, नाहीतर घरी बस, म्हणालात.

तुयारानं तो मापाचा कागद उचलला आणि खाली लिहिलं:

'हा माझ्या नवऱ्याचा डावा पाय. उणे बावन्नात आठ तास याला शाबूत ठेवील असा बूट तुमच्याकडे असेल तर पाठवा. नसेल तर मी शिवलेला घालू द्या. दोन्हींतलं काय करता ते लेखी कळवा. तो उद्या सकाळी पुन्हा फाटकाशी येतोय.'