खडूची फुली

मिस्त्रीकाका दुपारी दोनला नवा पार्ट घेऊन आले आणि म्हणाले, "फुली मारलेलं मशीन कुठाय गं?"

मी कोपऱ्याकडे हात केला. तिथे दोनच ऑक्सिजन मशीनं होती, सकाळी चार होती. दोन्ही चकचकीत. फुली कुठेच नाही.

आमचा सेवा क्लब आजारी माणसांना घरी वापरायला वस्तू देतो. वॉकर, चाकाच्या खुर्च्या, पलंग, ही मशीनं. शाळा सोडल्यापासून या वस्तूंची खोली मी बघते. बिघडलेल्या वस्तूला लाल फीत बांधायची, म्हणजे ती कुणाकडे जात नाही. फीत अध्यक्षबाईंच्या कुलूपबंद कपाटात. आणि परवा बाई मला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "शाळेत टिकली नाहीस, इथे तरी टीक." त्यांच्यापुढे किल्लीसाठी हात पसरू? मेले तरी नाही. मी खडूने फुली मारली.

काल देणगीदारांसोबत फोटो होता. क्लबच्या मावश्या फडकी घेऊन खोलीवर तुटून पडल्या. तेव्हाच फुली पुसली गेली असणार.

"अगं, ते तापलं की बंद पडतं," काका म्हणाले. "भोंगाही वाजत नाही. दिवा मात्र हिरवाच. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही."

"किती वेळात तापतं?"

"दोन तास. फार तर अडीच."

मी वही उघडली. मी एकीकडे पलंग पोचवायला गेले होते, तेव्हा मावशींनी साडेअकराला दोन मशीनं दिली होती. काकांनी तपासताना बिघडलेल्याच्या मागच्या चारांपैकी एक स्क्रू काढून ठेवला होता; कोपऱ्यातल्या दोन्हींचे चारही जागेवर होते. मी पहिल्या घरी फोन लावला.

"मशीनच्या मागे स्क्रू किती आहेत? मोजून सांगा."

"काय थट्टा चाललीय?"

"मोजा म्हणते ना!"

"चार."

म्हणजे दुसरं. उतारावरचे शिंपीआजोबा. फोन वाजून वाजून बंद झाला. सुनेनेही उचलला नाही. ती लाँड्रीत कामाला, आतल्या आवाजात काय ऐकू येणार.

काकांनी स्कूटर काढली. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर मी मांडीवर घट्ट धरला. वाटेत काका नुसता हॉर्न वाजवत राहिले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दाराला बाहेरून कुलूप होतं. मी खिडकीच्या गजांना चिकटले. शिलाई मशीन, त्यावर घड्या केलेलं कापड, मागे पलंग. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. नाकात नळी. उशाशी हिरवा दिवा. आणि आवाज नाही. चालू मशीन घरघरतं, हे मला झोपेतही ओळखू येईल. तिथे पंख्याशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.

"आजोबा! ओ आजोबा!"

हाताचं बोटसुद्धा हललं नाही.

"तोडा ना कुलूप!"

"ते तुटायचं नाही. कडीच काढतो." काका स्क्रूड्रायव्हर लावून बसले. पहिला स्क्रू निघाला. दुसरा गंजलेला.

"लवकर काका!"

"ओरडू नकोस. उजेडातून बाजूला हो."

मी परत खिडकीशी गेले. पांघरूण वर-खाली होतंय का ते बघत राहिले. पंख्याच्या वाऱ्याने ते हलत होतं. काही समजत नव्हतं.

चौथा स्क्रू अर्धा असतानाच काकांनी खांदा मारला. मी आत धावले. ओठ जांभळे. हात थंड. मशीनमधून नळी उपटून सिलिंडरला जोडली, चावी फिरवली. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. एकाहत्तर. पंचाहत्तर. परत चौऱ्याहत्तर.

"उठा ना हो," मी म्हणत होते. "उठा ना."

ब्याऐंशीला त्यांनी डोळे किलकिले केले. "कोण गं तू?" एवढंच. नव्वदपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही. काकांनी तोपर्यंत डॉक्टरांना बोलावलं.

सून धापा टाकत आली. शेजारणीने निरोप दिला होता. तिने आधी सासऱ्यांचा चेहरा बघितला, मग हात जोडले. "देवासारखे धावून आलात. क्लब नसता तर..."

काका माझ्याकडे बघत होते. मी गप्प राहिले असते तर चाललंही असतं.

"मशीन बिघडलेलं होतं," मी म्हणाले. "मला माहीत होतं. फीत बांधायची होती, मी बांधली नाही. म्हणून ते तुमच्याकडे आलं."

तिचे जोडलेले हात तसेच राहिले. वाटलं, आता कानाखाली बसणार. मी डोळेही मिटले. पण ती पलंगाशी वाकली आणि आजोबांच्या नाकातली नळी जराशी काढून स्वतःच्या गालाला लावली. हवा येत होती. परत नीट बसवली. मग माझ्याकडे बघितलं आणि नळी काढून पुन्हा गालाला लावली.