परदेशचा पाऊस आणि फिरकीचा तांब्या

मी एक जुना पितळी फिरकीचा तांब्या आहे आणि मित्रांनो, माझ्या सध्याच्या यजमानांविषयी मला काडीचाही आदर नाही.

कुंभकोणम्‌च्या एका कासाराने मला ओतलं, घासलं, झाकणाला आटे पाडले. आडवा केला तरी थेंब सांडत नाही, हा माझा तोरा. माझे पहिले धनी पांडुरंगराव मला भर पावसात काशीला घेऊन गेले. गंगेला पूर होता. ते घाटावर बसून राहिले, पाणी ओसरल्यावर मला भरून घरी आले. सारी गल्ली मला हात लावायला आली होती.

मग त्यांचे चिरंजीव मुकुंदराव घराचे धनी झाले. हाकेच्या अंतरावरच्या पापनाशमला लग्नाला जायचं तरी हे गृहस्थ दोन दिवस आधीपासून पोटाचं औषध शोधतात. त्यांनी मला दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि झाकण बाजूला काढून माझ्या तोंडात प्लॅस्टिकची फुलं खोचली. पितळेला मळमळत नाही, एवढंच माझं नशीब.

त्यांच्या पत्नी वत्सलाबाई शाळेत इतिहास शिकवत. कंबोडियातल्या एका जुन्या देवळाचं पुस्तकातलं चित्र त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलींना दाखवलं, स्वतः कधी पाहिलं नाही ते देऊळ. यंदा लेक हरिप्रियाला आषाढात रजा मिळाली. तिने तिघांची तिकिटं काढली. तिकडे तेव्हा पावसाळा असतो, हे मुकुंदरावांना नंतर कळलं.

आणि तयारी सुरू झाली. मित्रांनो, माणसाला जायचं नसलं की त्याची तयारी संपत नाही. रोज सकाळी फोनवर परदेशचा पाऊस पाहायचा. मग रेनकोट आणला. तो घालून स्वारी पंख्याखाली येरझारा घालू लागली. मग पायमोज्यांवर घालायच्या पिशव्या आल्या, डासांचं मलम आलं, आणि शेवटी अक्कल आली ती अशी:

"जानेवारीत जाऊ. तेथे पायऱ्या निसरड्या असतात म्हणे."

"जानेवारीस हरिप्रियेस रजा नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "आणि माझ्या गुडघ्यास डॉक्टर काय म्हणाले, ते तुम्ही ऐकलं आहे. यंदा चढेन. पुढचं मज ठाऊक नाही."

"रोज पाऊस पडतो तेथे."

"मागल्या ऐप्पशीच्या पावसात आपल्या गल्लीत गुडघाभर पाणी होतं. तुम्ही त्यातून इडलीचं पीठ आणावयास गेला होता."

"ते आपल्या गावचं पाणी," मुकुंदराव म्हणाले.

हे ते गंभीरपणे म्हणाले. मी काचेआड होतो, नाहीतर झाकण आपटलं असतं.

वत्सलाबाई उठल्या. कपाट उघडून त्यांनी माझ्या तोंडातली फुलं काढली आणि मला चिंचेने खसाखसा घासलं. किती वर्षांनी माणसाचा हात लागला! मग झाकण फिरवून त्यांनी मला पेटीत लुगड्यांच्या घडीत ठेवलं. मायलेकी निघाल्या. मुकुंदराव दारात उभे राहून जपून जा म्हणत राहिले.

तिकडे पाऊस होता. वत्सलाबाई एकेक पायरी बसत, उठत चढल्या. वरच्या ओवरीत पोहोचल्यावर दगडावरचं कोरीवकाम त्या बोटांनी चाचपत राहिल्या, आणि माझं पाणी प्यायल्या. उतरताना मी त्यांच्या हातून निसटलो. चार पायऱ्या ठणठणत गेलो, अंगाला पोचा पडला. थेंब सांडला नाही.

घरी आल्यावर मुकुंदरावांनी पहिलं विचारलं, "पाऊस होता ना?"

"होता. दुपारी येत होता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"ओवरीत बसलो."

"आणि मग?"

"मग थांबत होता."

मुकुंदरावांनी मला हातात घेऊन फिरवून पाहिलं. ते माझा पोचा काढून आणावा म्हणाले. वत्सलाबाई म्हणाल्या, असू दे.

मित्रांनो, आम्हां भांड्यांना घासा, पुसा, जपा. पण जपून ठेवून देऊ नका. जपून ठेवलेलं काय होतं, ते पाहायचं असेल तर आमच्या घरी या. मुकुंदराव घरीच असतात.