आईचं पान

फक्त हातांसाठी हॉस्पिटल काढणार म्हटल्यावर लोकांनी त्या सर्जनला वेड्यात काढलं होतं. ‘मग पायांचं कोण काढणार?’ असं खुद्द सासऱ्याने विचारलं होतं. पण गडी हट्टाला पेटलेला. भाड्याच्या तीन खोल्या, एक टेबल आणि एक सिस्टर एवढ्यावर त्याने सुरुवात केली. कारखान्यांतून चिरडलेली बोटं घेऊन माणसं यायला लागली, आणि पस्तीस वर्षांत त्या तीन खोल्यांचे पाच मजले झाले. टाका कसा घालायचा हे त्याला कॉलेजात शिकवलं होतं. तो न आवळता कसा बसवायचा हे बायकोने शिकवलं. ती शिवणकाम करायची, आणि तिच्यासारखी कॉलर शहरात कुणाला जमत नसे.

तो गेला त्याला नऊ दिवस झाले होते. लेक त्याच हॉस्पिटलात सर्जन होती आणि चौथ्या दिवशीच कामाला लागली होती. लोक म्हणाले, बापाची लेक शोभते. कसली शोभते! तिला काही वाटतच नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत होती, झोपही बरी लागत होती. भूल दिलेला हात जसा डोळ्यांना दिसतो पण आपला वाटत नाही, तसं तिचं झालं होतं.

त्यात आईने एक मागणं मागितलं होतं. ‘त्या चुकांच्या वहीत माझं पान असेल. ते आण आणि वाचून दाखव. ह्यांनी एकदा तरी लिहून कबूल केलेलं मला ऐकायचंय. मग बघते रडायचं का ते.’

चुकांची वही हे म्हाताऱ्याचं खास खूळ. दर सोमवारी सकाळी साडेसातला, पहिल्या ऑपरेशनच्या आधी, सगळ्या डॉक्टरांनी उभं राहून ती ऐकायची. रोग्याचं काम काय, हात कुठला, काय बिघडलं आणि कुणाच्या हातून, एवढंच त्यात असे. ज्याच्या हातून बिघडलं त्यानेच ते लिहायचं आणि वाचायचं. दुसऱ्याने त्याचं नाव घालायचं नाही, अगदी मोठ्या डॉक्टरांनीसुद्धा. म्हाताऱ्याने स्वतःची सत्तेचाळीस पानं लिहिली होती आणि घसा न खाकरता वाचली होती.

आईचं पान त्या सत्तेचाळिसांत नव्हतं. असणार कसं? अठरा वर्षांपूर्वी आईच्या उजव्या मनगटातली गाठ काढायची होती. अर्ध्या तासाचं काम. फक्त हाताला भूल दिलेली, आई जागी, मध्ये हिरवा पडदा. लेक तेव्हा शिकत होती. बापाने मान हलवून सुरी तिच्या हातात दिली. गाठीला चिकटलेली नस तिने गाठच समजून कापली. त्याने सुरी काढून घेतली आणि तीन तास नस जोडत बसला. पडद्यापलीकडे आईला आवाज फक्त नवऱ्याचा आला.

करंगळी आणि शेजारचं बोट कायमचं बधिर झालं, पकड गेली, कॉलरी संपल्या. घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला, ‘माझा हात चुकला.’ तिने त्या दिवसापासून अबोला धरला. जेवायला वाढलंय, पाहुणे आलेत, बस. लेक बघत राहिली. आज सांगू, उद्या सांगू करता करता तिची स्वतःची लेक शाळेत जायला लागली.

तरी दुपारी तिने जुन्या वह्या काढल्या. पान सापडलं. म्हाताऱ्याने नीट अक्षरात भरलं होतं. काम, शिवण. हात, उजवा. काय बिघडलं तेही. ‘कुणाच्या हातून’ याच्यापुढे मात्र काही नव्हतं. ते पान त्याने कधी वाचलं नव्हतं आणि फाडलंही नव्हतं.

बापलेकीचं अक्षर जवळपास सारखं होतं. त्याचं नाव लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, आईलाही हवं ते मिळालं असतं. मेलेला माणूस थोडाच तक्रार करणार? तिने पेन उघडलं. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर मनात जुळवून पाहिलं. मग स्वतःचं नाव लिहिलं आणि वही घेऊन घरी गेली.

आई खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती, डाव्या हाताने, उजवा नुसता टेकून. लेकीने उभ्यानेच वाचलं, सोमवारी वाचतात तसं, शेवटच्या नावापर्यंत.

आईने हातातली घडी पुरी केली.

‘हे त्यांना माहीत होतं?’

‘समोरच उभे होते ना.’

‘आणि मला सांगितलं का नाहीस?’

‘भ्यायले. बाबांनी स्वतःवर घेतलं, आणि मी घेऊ दिलं.’

आईने घडी बाकीच्यांवर ठेवली. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

‘म्हणजे अठरा वर्षं मी भलत्याच माणसाशी अबोला धरला,’ ती म्हणाली. ‘आता तुझ्याशी धरायचा, तर तेवढी वर्षं माझ्याकडे राहिली नाहीत.’

आणि मग ती रडली. नवऱ्यासाठी, त्याला हाक मारून, नऊ दिवसांत पहिल्यांदा. लेक वही धरून उभी होती. आपल्यालाही आता रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली.