पायरीवरची मांजर

संग्रहालयाच्या संचालकांना त्या मांजरीत 'रिक्ततेची राखणदार' दिसली. मला चहा दिसला.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीस वर्षे रिकाम्या पायऱ्या रेखाटल्या. त्यांच्या चित्रांत माणूस नसे, पक्षी नसे. मांजर तर त्यांना प्रत्यक्षातही सहन होत नसे. ते गेल्यावर आठ महिन्यांनी दादाने त्यांचे अखेरचे, अर्धवट राहिलेले चित्र संग्रहालयाकडे पाठवले, तेव्हा ते पूर्ण झालेले होते आणि पायरीवर एक मांजर वेटोळे करून झोपली होती. चित्र सर्वस्वी अण्णांच्याच हातचे आहे, असे प्रमाणपत्र मी द्यायचे होते. माझ्या सहीवाचून ते भिंतीवर लागणार नव्हते. आणि खोट्या सहीनंतर माझ्या तीस वर्षांच्या अभ्यासाला कुणी विचारणार नव्हते.

भिंगाखाली शाईच्या रेघांमागे फिकट तपकिरी वर्तुळ दिसले: कपाच्या बुडाचा ठसा. मांजरीचे नाक आणि शेपूट यांमध्ये नखाएवढी फट होती. वर्तुळही नेमके तिथेच तुटलेले. म्हणजे कपाच्या बुडाचा टवका उडालेला. अण्णा आणि दादा चहाला शिवत नसत. त्या घरात चहा पिणारी माणसे दोन, वहिनी आणि मी. संशयितांच्या यादीत मी एकच नाव लिहिले.

वहिनींविरुद्ध पुरावा आधीपासूनच साचत होता. गेले सहा महिने दर शनिवारी मी अण्णांच्या टेबलाशी बसून त्यांच्या चित्रांची सूची करत होते, आणि दुसऱ्याच शनिवारपासून मला चहा स्टीलच्या पेल्यात मिळू लागला होता. घरातील माझ्या स्थानावरचे ते भाष्य मी तारखेनिशी टिपून ठेवले होते.

या शनिवारी मी टीपकागद घेऊनच गेले. स्वयंपाकघरातले सहाही कप ओले करून एकेक कागदावर दाबले. सहा वर्तुळे उमटली, सहाही अखंड.

"वन्सं, एवढं मनावर घेतलंच आहे तर कढईही करपलीय," वहिनी ओट्याला टेकून म्हणाल्या.

"सातवा कप कुठे आहे?"

"सातवा आहे, हे कुणी सांगितलं?"

"मांजरीनं."

त्या हसल्या नाहीत. स्टूल ओढून वर चढल्या आणि वरच्या फळीवरच्या डब्यामागून निळ्या काठाचा एक कप काढून माझ्यापुढे ठेवला.

"तुमचाच आहे. ओळखत असाल तर."

तो माझा माहेरचा कप होता. मी तो उलटा केला. बुडाला नखाएवढा टवका होता.

"अण्णांनंतर पहिल्यांदा त्यांच्या खुर्चीत बसलात त्या दिवशी," वहिनी म्हणाल्या, "समोर तो कागद होता आणि तुम्ही कप त्याच्यावरच टेकवलात. तुम्हाला काही दिसतच नव्हतं तेव्हा. तुम्ही गेल्यावर मी कागद उचलून आत नेला."

"मला सांगायचं होतं."

"दुसऱ्याच्या चुकीला तुम्ही तळटीप देता, वन्सं. स्वतःच्या चुकीला फाशी."

"म्हणून मांजर काढली?"

"डाग मांजराएवढा होता. हत्ती कुठून बसवू?"

"पण रेघ अण्णांची वाटते."

"त्यांचा हात थरथरायला लागल्यावर सावल्या मीच तर भरत होते. दोन वर्षं. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हते. त्या सावल्यांतून व्यक्त होणाऱ्या वार्धक्यातील संयमावर मी बारा पानांचा निबंध प्रसिद्ध केला होता. संयम बाळगणारी व्यक्ती तेव्हा एकेचाळीस वर्षांची होती.

"आणि स्टीलचा पेला?"

"त्याचा टवका उडत नाही."

एवढे साधे उत्तर मला संशयास्पद वाटले. पण त्याविरुद्ध पुरावा नव्हता. प्रमाणपत्र मी तिथेच, ओट्यावर भरायला घेतले. 'चित्रकार' या रकान्यात अण्णांच्या नावाखाली वहिनींचे नाव लिहिले. डागासाठी रकाना नव्हता. तो मी पट्टी घेऊन आखला आणि त्यात माझे नाव घातले. संचालक ते चित्र आता लावतील की परत पाठवतील, हा त्यांचा प्रश्न होता. खाली सही केली.

वहिनींनी निळ्या कपात चहा ओतला. मी तो प्रमाणपत्रापासून हातभर लांब ठेवला. त्यांनी तो आणखी वीतभर सरकवला.